बारा गुलाब, दोन बादल्या

"घरी गुलाब लावलाय," असं कुणी म्हणालं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कुठला? आणि समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असतं. लाल!

आता मला सांगा, मोबाइल कुठला घेतला असं विचारल्यावर कुणी 'काळा' म्हणून सांगतं का? गुलाबाच्या बाबतीत मात्र आपण रंगावरच थांबतो. मग लाल गुलाबाला शेजारच्या पिवळ्यासारखंच पाणी, तसंच खत, तशीच कात्री. एक झाड फुलतं, दुसरं रुसतं, तिसरं सरळ मरतं. आणि आपण नर्सरीवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसतो.

खरं तर गुलाब हे एक झाड नाहीच. ते एक मोठं एकत्र कुटुंब आहे. आजी वेगळी, जावई वेगळा, शेंडेफळ वेगळं. प्रत्येकाचा स्वभाव कळला की निम्मं टेन्शन गेलंच म्हणून समजा.

माझी शिकवणी अहमदपूरला झाली. मी नोकरीसाठी पुण्यात, पण घर अहमदपूरचं. लातूर आणि नांदेडच्या मध्ये, काळ्या मातीचं, मे महिन्यात चाळिशी पार करणाऱ्या उन्हाचं आणि जड पाण्याच्या बोअरचं गाव. परदेशी पुस्तकातली गुलाबाची माहिती आमच्या अंगणात निम्मी कामाची नसते. आईकडे एकेकाळी बारा गुलाब होते. चार हायब्रिड टी, चार फ्लोरिबंडा, दोन मिनिएचर, फाटकावर एक वेल आणि हौदाजवळ एक गावठी. त्या बारांच्या निमित्तानं हे सगळं सांगतेय.

आजी : गावठी गुलाब

गुलाबी, मऊ, ढिल्या पाकळ्यांचा, दुपारपर्यंत गळून जाणारा. फुलदाणीत शून्य मार्क, वासात शंभर. देवाला हाच, दर्ग्यावरच्या चादरीला हाच आणि गुलकंदालाही हाच. पाकळ्या आणि खडीसाखर समसमान वजनाची, बरणीत थर लावून उन्हात ठेवायची. बस्स, एवढीच रेसिपी. फक्त फवारा मारलेली फुलं त्यात घ्यायची नाहीत.

गावठी गुलाब बहुतेकदा फांदी खोचून लावलेला असतो, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर उभा. त्यामुळे बुडातून कुठूनही फुटवा आला तरी तो गावठीच. तो काढायची घाई नको. छाटणी हलकी करायची. वाळकं, गुंतलेलं आणि फार जुनं लाकूड तेवढं बुडातून काढायचं. आजीला जशी सारखी डॉक्टरकडे न्यायला आवडत नाही, तसंच आहे हे. जेवढ्यास तेवढं.

जावई : हायब्रिड टी

एका दांड्यावर एक मोठं, टोकदार कळीचं, रुबाबदार फूल. ग्रीटिंग कार्डावर असतो तोच. या घराण्याची सुरुवात १८६७ च्या 'ला फ्रान्स' या फ्रेंच गुलाबापासून मानतात. चीनमधून युरोपात गेलेल्या टी गुलाबांचा अंश यांच्यात आहे, म्हणून ते वर्षातून एकदाच न फुलता पुन्हापुन्हा फुलतात. 'ग्लॅडिएटर', 'डबल डिलाइट' ही नावं नर्सरीत ऐकली असतील, ती याच घराण्यातली.

जावई म्हटलं की मानपान आलाच. रोज किमान सहा तास ऊन हवं, खत वेळेवर हवं आणि वर्षातून एकदा कडक छाटणी हवी. आपल्याकडे ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. चार-पाच जोमदार फांद्या ठेवायच्या, बाकीच्या बुडातून काढायच्या आणि ठेवलेल्या फांद्या गुडघ्याच्या उंचीला कापायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. डोळा बाहेरचा का? कारण फांदी त्याच दिशेला फुटते. झाड आतून मोकळं राहतं, हवा खेळते, रोग कमी येतो. छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल. म्हणजे डिसेंबर सुरू होताना अंगण सजलेलं!

आणखी एक. दांड्यावर मुख्य कळीच्या बाजूला बारक्या कळ्या येतात, त्या खुडून टाकायच्या. मग मुख्य फूल मोठं येतं.

चुलत भावंडं : फ्लोरिबंडा

ही मंडळी घोळक्यानं राहतात. एका फांदीवर सहा-आठ फुलांचा झुपका. प्रत्येक फूल लहान, पण झाड भरलेलं दिसतं. पांढऱ्या 'आइसबर्ग'ला (१९५८) तर काटेही फार कमी. इथं नियम उलटा. झुपक्याच्या मधली, सगळ्यात मोठी कळी आधी फुलून आधी वाळते, म्हणून तीच लहान असताना खुडायची. मग बाकीच्या एकदम फुलतात. झुपका संपला की एकेक फूल वेचत बसू नका, खालच्या दोन-तीन पानांसकट सगळी फांदीच कापा. ऑक्टोबरची छाटणी हिलाही लागते, पण जावयापेक्षा सौम्य. एक तृतीयांश उंची कमी केली की पुरे.

कमी लाडात जास्त फुलं हवी असतील तर हीच निवडा. ऑफिसमुळे आठवड्यातून एकदाच कुंडीकडे बघणाऱ्यांसाठी तर ही एकदम बेस्ट.

शेंडेफळ : मिनिएचर

बोटभर फुलं, वीतभर झाड. बघून वाटतं, हे तर घरात टेबलावर ठेवू. ठेवू नका! लहान असलं तरी ते गुलाबच आहे, त्यालाही ऊन लागतं. मुळं उथळ आणि कुंडी लहान, त्यामुळे माती सगळ्यात आधी हिचीच वाळते. कोरड्या उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी येतो. पानं फिकट, ठिपकेदार दिसायला लागली आणि मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली की समजायचं, पाहुणे आले. पानाच्या खालच्या बाजूनं सकाळी जोरात पाणी मारलं की त्यांचा बाजार उठतो.

लांबचे मामा : वेली गुलाब

फाटकावर, कमानीवर चढणारे. सगळ्यात जास्त वाट यांचीच लागते, कारण ऑक्टोबरात कात्री हातात आली की माणूस यांनाही गुडघ्याएवढं करून टाकतो. मग वर्षभर पानंच पानं. वेली गुलाबाच्या लांब फांद्या पहिली दोन-तीन वर्षं कापायच्याच नाहीत, फक्त बांधायच्या. आणि सरळ वर न नेता आडव्या बांधायच्या. फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याला जातो. आडवी केली की प्रत्येक डोळ्याला वाटतं, आता आपला नंबर! प्रत्येक सांध्यातून बारकी फांदी फुटते आणि त्या फांद्यांवर फुलं येतात. पुढे छाटायच्या त्या फक्त या बारक्या फांद्या, दोन-तीन डोळे ठेवून. ज्या वेली वर्षातून एकदाच फुलतात, त्यांना बहर संपल्यावरच हात लावायचा.

जमीन कुणाची, मुळं कुणाची

गावठी सोडला तर नर्सरीतले बहुतेक गुलाब डोळा भरून केलेले असतात. खाली जंगली खुंट, वर आपल्याला हवी ती जात. बुडाशी गाठ दिसते, तीच ही जोडणी. गाठीच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा. दिसायला जोमदार, पण तो वाढला की वरचा गुलाब उपाशी मरतो. 'सात पानांचा तो जंगली, पाच पानांचा तो आपला' हा नियम सगळे सांगतात, पण तो दरवेळी खरा ठरत नाही. माती उकरून फुटवा कुठून आलाय ते बघा आणि गाठीखालचा असेल तर मुळापासून ओढून काढा. नुसता कापला तर चार होऊन परत येतो.

दुसरी गोष्ट मातीची. रोपं बऱ्याचदा चिकट मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच आमच्या काळ्या मातीत ठेवला तर मुळं त्यातच कोंडून राहतात. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हातानं मोकळी करायची. काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळून मुळं तोडते. म्हणून खड्ड्यात एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा मुरूम.

आणि मराठवाड्यातला हमखास लोच्या म्हणजे पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. लोक म्हणतात, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतात. पाणी कमी नसतं, लोह कमी असतं. म्हणजे मातीत असतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते असं अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, त्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कोवळी पानं हिरवी यायला लागली की निदान बरोबर. बोनमीलचा आग्रहही सोडा. अशा मातीत ते फारसं विरघळत नाही. त्यापेक्षा शेणखत आणि निंबोळी पेंड कितीतरी बरी.

नावातच पाणी

गुलाब हा शब्द फारसीतला. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. ज्याच्या नावातच पाणी आहे ते झाड आपण अशा जिल्ह्यात लावतो, जिथं १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरातल्या टीव्हीवर लातूर दिसलं, ते त्या दिवशी.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरीही टँकर हाच आधार होता. बारा इंची कुंडीतल्या गुलाबाला मे महिन्यात रोज दोन लिटर तरी पाणी लागतं. दहा कुंड्यांचे दिवसाआड चाळीस लिटर झाले. आईच्या हातात त्यासाठी दिवसाआड दोन बादल्या होत्या, म्हणजे तीस लिटर. आणि त्याही चांगल्या पाण्याच्या नाहीत. तांदूळ-भाज्या धुतलेलं आणि भांडी दुसऱ्यांदा विसळलेलं पाणी. साबणाचं पहिलं पाणी ती संडासात टाकायची. जमिनीतल्या दोघांना, वेलीला आणि गावठीला, आठवड्यातून एकदा बादलीभर. तेही सावकाश, खोल मुरेल असं.

एकदा समोरच्या काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या, "माणसाला पाणी मिळंना अन् तुम्ही गुलाबाला घालूलालाव व्हय?"

आई म्हणाली, "टँकरचा थेंब न्हाई दिला वैनी. भाजीचं पाणी हाय हे."

काकू निघून गेल्या. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. तो आईलाही टोचला असणार, कारण त्यानंतर तिनं हिशोब मांडला. सगळ्या कुंड्या पूर्वेच्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवल्या, म्हणजे दुपारचं ऊन टळेल. मातीवर चार बोटं सोयाबीनचं भुसकट पसरलं. ते आमच्याकडे पोत्यानं मिळतं. आणि जी कळी दिसेल ती खुडून टाकली. अख्ख्या उन्हाळ्यात एक फूल म्हणून येऊ दिलं नाही. फुलाला लागणारी ताकद झाडानं जगायला वापरावी, हा त्यातला फंडा. कात्री मात्र लावली नाही. उन्हाळ्यात छाटलं की झाड कोवळे फुटवे काढतं, त्यांना आणखी पाणी लागतं आणि उघड्या पडलेल्या फांद्या उन्हानं भाजतात.

त्या वर्षी बारातले नऊ जगले. दोन हायब्रिड टी आणि एक मिनिएचर गेलं. चारही फ्लोरिबंडा वाचले. पावसाचे चार सपाटे झाल्यावर पहिलं फूल आलं ते हौदाजवळच्या गावठीला. आईनं गेलेल्या तिघांच्या जागी नवीन काही आणलं नाही. आज तिच्याकडे सात आहेत, आणि कुणी रोप भेट द्यायला लागलं तर ती सरळ सांगते, "नको, सातचंच पाणी हाय."

मला हे वाक्य फार आवडतं. कारण आपण सगळे उलटं करतो. नर्सरीत जातो डिसेंबर-जानेवारीत, हवा छान असते, एकेक झाड फुलांनी लगडलेलं असतं, आणि आपण डिसेंबर विकत घेऊन येतो. मे महिना कुंडीबरोबर फ्री मिळतो! तेव्हा गुलाब घेताना डोळ्यांसमोर डिसेंबर नको, मे आणा. तुमच्या घरी मे महिन्यात झाडांसाठी किती बादल्या उरतात? त्याला कुंडीमागे रोज दोन लिटरनं भागा. उत्तर तीन आलं तर तीनच घ्या. टंचाईच्या गावात गुलाब लावणं हा गुन्हा नाही. पाण्याचा हिशोब न करता लावणं मात्र कुणाच्या तरी हंड्यातून उसनं घेणं आहे.

पाण्याच्या दर्जाचंही तसंच. गुलाबाला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या की आधी पाण्याकडे बघा. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी फुकट जातं म्हणून लोक कुंडीत ओततात. बोअरच्या जड पाण्याचं ते आणखी जड रूप असतं. त्यानं फरशी पुसा. कूलरच्या टाकीत तळाला उरतं तेही नको, कारण पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते खुशाल घाला. आणि पावसाळ्यात दोन-तीनदा कुंडीतून भरपूर पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, वर्षभराचे साठलेले क्षार धुऊन निघतात.

हे सगळं नुसतं गृहिणींचं शहाणपण नाही बरं का! डॉ. बी. पी. पाल हे मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि गुलाबाचे नादिष्ट इतके, की स्वतः नव्या जाती तयार करायचे. पांढरा 'डॉ. होमी भाभा' हा १९६८ चा हायब्रिड टी त्यांचाच. थंड देशातल्या गुलाबांवर अवलंबून न राहता इथल्या हवेत रुजणारे गुलाब इथंच घडवायचे, ही त्यांच्या कामाची दिशा. आपल्याला नवी जात घडवायची नाहीये, फक्त नर्सरीत एक प्रश्न विचारायचाय : हा गुलाब आमच्या उन्हात राहतो का? पॉलिहाऊसमध्ये ठिबकवर आणि मोजून दिलेल्या खतावर वाढणाऱ्या 'डच' गुलाबाची लांब दांडी बघून भुलू नका. तोच गुलाब उघड्या गच्चीवर आला की दांडी आखडते, फूल बारकं होतं. त्यात त्याचा दोष नसतो.

तर या ऑक्टोबरात...

दसरा-दिवाळीला घरी जाणार असालच. आईबाबांसाठी मिठाईचा बॉक्स न्याच, पण बॅगेत एक चांगलं सिकेटरही टाका. सुट्टीतले दोन तास द्या.

आधी झाड ओळखा. गावठी असेल तर फक्त वाळकं काढा. हायब्रिड टी असेल तर गुडघ्यापर्यंत, फ्लोरिबंडा असेल तर एक तृतीयांश, मिनिएचर असेल तर वरवर गोल आकार द्या, वेल असेल तर कात्री खिशात ठेवा आणि सुतळी काढा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटनं पुसा, नाहीतर एकाचा रोग तुम्हीच दुसऱ्याला पोचवाल. मोठ्या कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा, म्हणजे फांदी कापापासून खाली काळी पडत जात नाही. पडलेली पानं गोळा करून टाका, काळ्या ठिपक्यांचा रोग त्यांच्यातच दबा धरून बसतो. मग कुंडीला दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि पोटभर पाणी. चहाचा चोथा टाकायचाच असेल तर साखर धुऊन टाका, नाहीतर मुंग्यांची पार्टी ठरलेली.

छाटून झाल्यावर झाड अगदी भकास दिसेल. घरचे म्हणतील, "चांगलं फुललेलं झाड पार बोडकं करून ठेवलंस!" म्हणू द्या. पंचेचाळीस दिवस मोजा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरून फोन येईल, तेव्हा फक्त एवढंच विचारा, कुठला फुललाय? आणि उत्तर 'लाल' आलं, तर ही पानं त्यांना वाचायला पाठवून द्या!